चालीची आठवण : श्रीगोंद्याच्या अभंगापासून ध्वनिमुद्रिकेपर्यंत

जुनी मराठी संगीत नाटके आणि पदसंग्रह यांच्या छापील प्रती चाळीत असता एक लहानशी गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. पदाच्या माथ्यावर 'चाल' हा शब्द आणि त्यापुढे आधीच्या एखाद्या गीताचे दोन-तीन शब्द छापलेले असतात. स्वरलिपी नाही, सुरावटीचे वर्णन नाही. केवळ दुसऱ्या एका गाण्याची खूण. ते दुसरे गाणे ज्याला पाठ आहे त्यालाच ही खूण उपयोगी. इतरांस ती मुकी. म्हणजे छापणाऱ्याने येथे वाचकाच्या आठवणीवर भिस्त ठेवलेली असते. अमुक दशकात लोकांच्या ओठांवर कोणते गाणे होते, याची साक्ष आत्मचरित्रांतूनही मिळते. पण ती बहुधा उतारवयात लिहिलेली आणि मनाजोगी सजवलेली असते. पदाच्या माथ्यावरील नोंद तशी नव्हे. तिला काही सिद्ध करावयाचे नसते, आणि म्हणूनच तिच्यावर अधिक विसंबता येते.

या नोंदीचे महत्त्व कळण्यासाठी प्रथम ती जेथे सामान्यतः आढळत नाही अशा वाङ्मयाकडे पाहणे इष्ट होय. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे, म्हणजे जुने चांभारगोंदे, हे सतराव्या शतकातील संतकवी शेख महंमद यांचे स्थान. चांद बोधले यांचे हे शिष्य. मालोजीराजे भोसले यांनी त्यांना गुरुस्थानी मानून येथे आणले, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी श्रीगोंद्यातच आहे. त्यांचा 'योगसंग्राम' हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ १६४५ सालचा. त्यांच्या कवितेचा संग्रह वा. सी. बेंद्रे यांनी १९६१ साली प्रसिद्ध केला. शब्द असे लेखणीने आणि पुढे मुद्रणाने राखले. ते प्रथम कोणत्या स्वरांत म्हटले गेले, हे मात्र कोणासही सांगता येणार नाही.

याचे कारण अभंगाच्या घडणीत आहे. मोठ्या अभंगाच्या चरणाचे खंड सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. लहान अभंगाचे प्रत्येकी आठ अक्षरांचे. येथे गणना अक्षरांची, लघुगुरूंची नव्हे. ऱ्हस्व अक्षर गाताना लांबते आणि दीर्घही आखडते. त्यामुळे जी चाल एका अभंगास बसते ती त्या घाटाच्या सर्व अभंगांस बसते. तुकोबांचा अभंग ज्या चालीत म्हटला तीतच शेख महंमदांचाही म्हणता येतो, आणि पुढल्या पिढीने चाल पालटली तरी शब्दांना धक्का लागत नाही. अशा रचनेच्या माथ्यावर चाल लिहिण्याची गरजच पडत नाही. ओवी, साकी, दिंडी, आर्या यांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. 'साकी' एवढे लिहिले की ती कशी म्हणावयाची हे वाचणारा जाणे. छंदाचे नाव तेच चालीचे नाव. शब्द आणि स्वर यांची गाठ अशी सैल असल्यामुळे शब्द साडेतीनशे वर्षे टिकले. आणि त्याच कारणाने जुन्या चाली मागे खूणही न ठेवता नाहीशा झाल्या.

'चाल' हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. चालणे या धातूपासून आलेला हा शब्द गती, रीत, वहिवाट आणि हल्ला एवढे अर्थ वागवितो. गाण्याच्या संदर्भात तो 'म्हणण्याची रीत' या अर्थी रूढ झाला. चाल 'लावतात', म्हणजे शब्द आधी सिद्ध असतात आणि चाल मागाहून त्यांना जोडली जाते, ही धारणा क्रियापदातच मुरलेली आहे. दळणाऱ्या स्त्रियांचा शब्द मात्र निराळा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात ओवी म्हणण्याच्या रीतीला 'गळा' म्हटलेले आढळते. चाल कोणाचीही उचलता येते, गळा ज्याचा त्याचा. खेडोपाडी पिठाची गिरणी आल्यावर जाते थांबले आणि दळणाची ओवीही थांबली. नुसते बसून ओवी आठवेना, जात्याचा खुंटा हाती आला की ओळीमागून ओळ येऊ लागे, हा संग्राहकांना आलेला अनुभव आहे. आठवण येथे कानात जितकी तितकीच दंडातही होती.

नाटकाकडे वळले की 'चाल' ही नोंद प्रकर्षाने पुढे येते. अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये आणि 'सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. ज्या चाली प्रेक्षकांच्या घरांत, देवळांत आणि कीर्तनांत आधीच वावरत होत्या त्यांवर, तसेच किर्लोस्करांच्या स्वतःच्या कर्नाटक-सीमेवरील परिसरात ऐकलेल्या कानडी पदांवर, त्यांची पदे बेतलेली होती. नाट्यपद नवे आणि चाल ओळखीची. पडदा उघडताच प्रेक्षक अर्धे गाणे जाणत असे. या नाटकांच्या असाधारण लोकप्रियतेचे श्रेय गायकांना दिले जाते ते योग्यच. परंतु आयत्या आठवणीचाही त्यात मोठा वाटा असला पाहिजे.

पुढल्या तीस वर्षांत या नोंदीचा हेतूच बदलला. खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) या नाटकास गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, त्या बव्हंशी पूरबकडील ठुमरी, दादरा, कजरी या प्रकारांतून घेतलेल्या. आता माथ्यावर राग, ताल आणि हिंदी चिजेचा आरंभ आला. नगर-सोलापूरकडच्या सामान्य प्रेक्षकाने ती चीज ऐकलेली असण्याचा संभव थोडा. नोंद उरली, पण ती वाचकाच्या आठवणीला हाक न राहता चाल कोठून आणली याचा उल्लेख झाली. मुळातील चीज मागे पडली आणि नाटकातील पदच पुढच्या गाण्यांचे मूळ ठरले. 'स्वयंवर' (१९१६) आणि 'एकच प्याला' (१९१९) यांनंतर तर पुष्कळ घरांत राग ओळखावयाचा तो नाट्यपदावरून, अशी उलटी वहिवाट पडली.

याच सुमारास आठवणीच्या स्वरूपात दुसरा, अधिक मूलगामी फरक पडला. भाऊराव कोल्हटकर, किर्लोस्कर मंडळीचे विख्यात स्त्रीभूमिकाधारी गायक, १९०१ च्या फेब्रुवारीत वारले. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणास आरंभ झाला तो १९०२ च्या अखेरीस, कलकत्त्यास. अवघ्या दोन वर्षांहून कमी अंतराने भाऊरावांचा आवाज निसटला. बालगंधर्वांचा (१८८८–१९६७) आवाज मात्र असंख्य तबकड्यांवर राहिला. परिणामी भाऊरावांविषयीची आठवण निव्वळ विशेषणांची आहे. ती ऐकणाऱ्याच्या मनात वाढत गेली असेल किंवा झिजली असेल; ताडून पाहण्यास काही नाही. बालगंधर्वांविषयीची आठवण पदोपदी ताडता येते, आणि पुष्कळदा ती तबकडीपुढे उणीही ठरते. नाट्यगृहात अनेकवार 'वन्स मोअर' घेऊन रंगलेले पद तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांत आटोपावे लागे. ज्यांनी दोन्ही ऐकले त्यांची तक्रार, आणि ज्यांनी केवळ तबकडी ऐकली त्यांचे प्रेम, ही दोन्ही खरी आहेत. पण ती एकाच गाण्याविषयी नाहीत.

तालुक्याच्या गावी तबकडी घराघरांत पोचली असे समजण्याचे कारण नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये झाला आणि श्रीगोंदे तालुका त्यावर आला हे खरे; परंतु चावीचा फोनो ही ऐपतीची वस्तू होती. पुढे बहुसंख्यांच्या कानी तबकडी पडली ती लग्नमंडपात किंवा जत्रेत, झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून. आणि तीही बहुधा चित्रपटांची. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) या दृष्टीने मननीय आहे. त्यासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक गीत तुकोबांच्या वळणाचे इतके होते की पुष्कळांनी ते तुकोबांचेच मानले. एका चित्रपटाने सतराव्या शतकाची आठवण विसाव्या शतकात निर्माण केली, असा हा प्रकार. तसेच पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाल्यानंतर राम फाटक यांनी चाली लावलेले आणि भीमसेन जोशी यांनी गायिलेले अभंग घरोघर पोचले. त्या चालींना 'पारंपरिक' म्हणणारे श्रोते आज थोडे नाहीत. फाटकांसारख्या संगीतकाराचे नाव विसरले जावे, हा त्या चालींच्या यशाचा पुरावा म्हणावा की अन्याय, हे ठरविणे सोपे नाही.

'चाल' ही नोंद मात्र संपली नाही. ती जलशांत आणि भजनांत गेली. सत्यशोधक आणि मागाहून आंबेडकरी जलशांनी तमाशाच्या व पुढे चित्रपटाच्या चालींवर नवे शब्द बसविले. श्रोत्याला चाल आधीच येते, म्हणून विचार त्वरित पोचतो, हे किर्लोस्करांचेच तत्त्व निराळ्या कामी आले. भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्यांतही अभंगाच्या माथ्यावर चित्रपटगीताचे शब्द लिहिलेले सापडतात. जुन्या वारकऱ्यांस हे रुचत नाही, आणि त्यांचा आक्षेप केवळ सोवळेपणाचा नव्हे: चालीबरोबर पडद्यावरील प्रसंगही आठवतो, आणि अभंगाचे शब्द त्याच्या आड जातात. परंतु अक्षरगणनेच्या छंदाने हे दार मुळातच उघडे ठेवले होते, हेही विसरता येत नाही.

या वह्यांचे मोल येथेच आहे. शेख महंमदांचा एखादा अभंग वहीत कोणत्या चालीच्या नावाखाली उतरला आहे, यावरून वही लिहिणाऱ्याच्या तरुणपणीचे आवडते गाणे कळते. अभंगाची मूळ चाल कळत नाही. संपादकांनी आजवर छापील संग्रह करताना माथ्यावरचे असले शब्द अनवधानाची भर समजून गाळावेत, हे समजण्यासारखे आहे. श्रीगोंदे आणि भोवतालच्या गावांतील वह्यांची नक्कल करताना मात्र ते शब्द अक्षरशः उतरून घ्यावे लागतील, लिहिणाऱ्याच्या जन्मसालासह. आणि ज्याला ती चाल येते त्याच्याकडून ती त्याच बैठकीत म्हणवून घ्यावी लागेल. पन्नास-साठ सालच्या गाण्यांची नावे माथ्यावर लिहिणारी पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे.