स्लीव्हमोर : ओस गावातील दगडी घरे

आयर्लंडच्या पश्चिमेस, मेयो परगण्यातील ॲकिल बेटावर, स्लीव्हमोर डोंगराच्या दक्षिण उतारावर जुन्या वाटेच्या कडेने ८० ते १०० दगडी घरांचे अवशेष उभे आहेत. घर बहुधा एका खोलीचे, भिंती चुन्याविना रचलेल्या. एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला गुरे. दावी बांधण्याच्या कड्या काही भिंतींत अद्याप दिसतात. १८४५ च्या बटाटा-दुष्काळाने गाव ओस पडले, असे सरसकट सांगितले जाते. ते अपुरे आहे. वस्ती उठल्यावरही उन्हाळी चराईस आलेले गुराखी विसाव्या शतकापर्यंत यांतील काही घरांत राहत. त्यांनी छप्परे शाकारली, तोवर ती घरे टिकली. छप्पर गेले की पावसाचे पाणी भिंतीत वरून मुरते आणि माथ्याचे दगड आधी सुटतात.