खोटा निरोप

टीसीपीमध्ये 'रीसेट' नावाचं एक पॅकेट असतं. अर्थ सरळ: बोलणं संपलं, फोन ठेव. १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये ते आहे. सीक्वेन्स नंबर जुळला की मशीन त्यावर विश्वास ठेवतं, आणि वाटेत बसून वाहतूक वाचणाऱ्याला तो नंबर दिसतोच की!

चीनच्या 'ग्रेट फायरवॉल'नं नेमकं हेच हेरलं. २००६ मध्ये केंब्रिजच्या क्लेटन, मर्डॉक आणि वॉटसन यांनी चीनमधल्या एका वेबसर्व्हरकडे मुद्दाम बंदी असलेला शब्द पाठवला. दोन्ही टोकांना खोटे रीसेट आले, कनेक्शन तुटलं. पण मूळ पॅकेट्स? ती कुणी अडवलीच नव्हती! मग त्यांनी दोन्हीकडच्या फायरवॉलना सांगितलं, येणारे रीसेट टाकून द्या. आयपीटेबल्समध्ये हे एका ओळीचं काम. पान अख्खं उतरलं.

आता यातली खरी मेख. एकाच टोकानं कान बंद करून भागत नाही, चीनमधल्या सर्व्हरनंही करायला हवेत. तिथं राहून हा नियम लावायची हिंमत कोण करणार? शिवाय खरे रीसेटही कचऱ्यात जातात आणि मेलेली कनेक्शन्स लटकत राहतात. म्हणून त्यांनी पॅकेटचा टीटीएल बघायला सुचवलं. खोटं रीसेट मधूनच कुठून तरी निघालेलं असतं, त्यामुळे त्याचा आकडा बाकीच्यांशी जुळत नाही.