चोपडा तालुक्यातील स्थानिक स्वराज्य

चोपडा तालुक्यातील स्थानिक स्वराज्य संस्था या महाराष्ट्र राज्याच्या जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याचा नागरी व ग्रामीण कारभार पाहणाऱ्या संस्था होत. चोपडा शहराचा कारभार नगरपरिषदेकडे आहे. ग्रामीण भागाचा कारभार ग्रामपंचायती, चोपडा पंचायत समिती आणि जळगाव जिल्हा परिषद या तीन स्तरांवर चालतो. तालुक्याच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या पट्ट्यातील २५ गावे भारतीय संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे सर्वसाधारण पंचायत कायद्याबरोबर ‘पेसा’ कायद्याच्या विशेष तरतुदीही लागू आहेत. एकाच तालुक्यात कारभाराच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत असल्याने, पिढ्यानपिढ्या निर्णयप्रक्रियेबाहेर राहिलेल्या समाजांपर्यंत स्थानिक स्वराज्य कितपत पोहोचले, हे तपासण्यास हा तालुका उपयुक्त ठरतो.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून तापी नदी वाहते. उत्तरेस सातपुडा पर्वत व त्यापलीकडे मध्य प्रदेश, पूर्वेस यावल तालुका आणि पश्चिमेस धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुका आहे. तापीकाठची काळी कसदार जमीन केळी व कापूस या नगदी पिकांची आहे. येथील गावे मोठी व सलग वस्तीची असून बोलीभाषा प्रामुख्याने अहिराणी आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी व डोंगरात मात्र वस्ती विखुरलेल्या पाड्यांची आहे. सत्रासेन, उमर्टी, वैजापूर, कर्जाणे ही या पट्ट्यातील काही गावे होत. येथे पावरा, बारेला, भिल्ल, तडवी आदी आदिवासी समाज राहतात. त्यांचा निर्वाह कोरडवाहू शेती, वनोपज आणि मजुरी यांवर चालतो. शेतीची कामे संपल्यावर अनेक कुटुंबे सपाटीवरील बागायती गावांत किंवा परजिल्ह्यात मजुरीसाठी जातात. पावरा समाजात गावडाहला, पुजारा, वारती यांसारख्या पारंपरिक पदांची व्यवस्था आहे. तंटे, लग्नव्यवहार आणि सणांचे निर्णय या व्यवस्थेतून होत आले आहेत.

इतिहास

ब्रिटिश काळ

१८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली. १८८४ च्या मुंबई लोकल बोर्ड कायद्याने जिल्हा व तालुका पातळीवर लोकल बोर्डे स्थापन झाली. मतदानाचा हक्क मालमत्ता व कर यांच्याशी निगडित असल्याने या संस्थांमध्ये जमीनदार, व्यापारी व वकील वर्गाचेच वर्चस्व राहिले. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे विभाजन झाले आणि चोपडा तालुका पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, राहिला.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार काही आदिवासी प्रदेश ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून जाहीर करण्यात आले. पूर्व खानदेशातील सातपुड्याच्या राखीव जंगलाचा भाग या यादीत होता. अशा भागांचा कारभार गव्हर्नरच्या विशेष जबाबदारीखाली असे. येथील रहिवाशांच्या दृष्टीने सरकार म्हणजे मुख्यतः वनखाते होते. राखीव जंगलात शेती, चराई व लाकूडतोड यांवर निर्बंध होते आणि खात्याने वसवलेल्या वनगावांना महसुली गावाचा दर्जा नव्हता.

सामाजिक बहिष्कार व सार्वजनिक संस्था

सपाटीवरील गावांत बहिष्काराचे स्वरूप वेगळे होते. अस्पृश्य मानलेल्या जातींना गावच्या विहिरी, शाळा, देवळे व चावडी यांचा समान वापर नाकारला जाई. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने ही ठिकाणे सर्वांना खुली करण्यास सांगितले. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. मात्र प्रत्यक्षात पाणी घेता यावे यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. स्थानिक संस्थेचा ठराव आणि गावातील व्यवहार यांतील अंतर या प्रकरणाने उघड केले.

खानदेशातही या प्रश्नावर काम झाले. चोपड्याशेजारच्या अमळनेर येथे शिक्षक असलेले साने गुरुजी यांनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केले व ते यशस्वी झाले. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. घटनाकारांमध्ये खेड्यांच्या स्वायत्ततेविषयी मतभेद होते. गांधीवादी सदस्यांना ग्रामपंचायत हा राज्यव्यवस्थेचा पाया असावा असे वाटे. खेड्यातील सत्ता म्हणजे जातिव्यवस्थेची सत्ता, या कारणास्तव आंबेडकरांनी त्यास विरोध केला. अखेर ग्रामपंचायतींचा उल्लेख अनुच्छेद ४० मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून झाला.

सामूहिक विकास योजना व पंचायतराज

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यात लोकसहभाग अपुरा असल्याचा निष्कर्ष बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली काढून त्रिस्तरीय पंचायतराजाची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ साली मंजूर झाला आणि १ मे १९६२ पासून नव्या संस्था कामाला लागल्या. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा अधिनियम लागू आहे. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, रस्ते व पशुवैद्यकीय दवाखाने जिल्हा परिषदेकडे आल्याने ग्रामीण भागाला सेवा मिळू लागल्या. सहकारी संस्था, बाजार समिती आणि पंचायत समिती यांचे नेतृत्व मात्र बहुधा बागायती गावांतील सधन शेतकरी कुटुंबांकडेच राहिले.

२४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा, पाच वर्षांची निश्चित मुदत, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग तसेच अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठी आरक्षण दिले. ७४ व्या दुरुस्तीने हीच चौकट नगरपालिकांना लागू केली.

अनुसूचित क्षेत्र व पेसा कायदा

७३ वी घटनादुरुस्ती अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नव्हती. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींवरून संसदेने २४ डिसेंबर १९९६ पासून पंचायत (अनुसूचित क्षेत्रांपर्यंत विस्तार) अधिनियम लागू केला. तो ‘पेसा’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. महाराष्ट्राने त्यासाठी ग्रामपंचायत अधिनियमात स्वतंत्र प्रकरण घातले. सविस्तर नियम मात्र ४ मार्च २०१४ रोजी, म्हणजे मूळ कायद्यानंतर सतरा वर्षांहून अधिक काळाने, प्रसिद्ध झाले.

गावाची व्याख्या

डोंगराळ भागात लोकसंख्या कमी असल्याने अनेक पाडे मिळून एक गट ग्रामपंचायत असते. तिची ग्रामसभा मुख्य गावात भरते. दूरच्या पाड्यावरील लोकांना तेथे पोहोचणे कठीण जाते. ते पोहोचले तरी मोठ्या गावाच्या संख्येपुढे त्यांचे मत टिकत नाही. त्यामुळे विहीर, रस्ता, अंगणवाडी ही कामे आधी मुख्य गावात होतात.

पेसा कायद्याने या प्रश्नावर उपाय केला. परंपरेनुसार आपले व्यवहार चालवणारी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह यांस ‘गाव’ मानण्याची तरतूद त्यात आहे. पाड्यातील मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवल्यावर, पडताळणीअंती, तो पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. अशा गावाची ग्रामसभा वेगळी भरते, ग्रामपंचायत मात्र एकच राहते.

ग्रामसभेचे अधिकार

पेसा कायद्यानुसार ग्रामसभेला पुढील बाबींत अधिकार किंवा निर्णायक सहभाग आहे :

• विकास योजना व कार्यक्रमांना मान्यता देणे आणि लाभार्थी निवडणे
• ग्रामपंचायतीने केलेल्या खर्चाचा विनियोग दाखला देणे
• भूसंपादन व पुनर्वसनापूर्वी विचारविनिमय
• आदिवासींची जमीन परहस्ते जाण्यास प्रतिबंध करणे आणि गेलेली जमीन परत मिळवणे
• गौण वनोपजाची मालकी
• सावकारी व मादक पदार्थांवर नियंत्रण
• लहान जलसाठ्यांचे व्यवस्थापन

विनियोग दाखल्याची तरतूद विशेष महत्त्वाची आहे. खर्च योग्य झाला की नाही हे ज्यांच्यासाठी काम झाले त्यांनीच ठरवावे, असे तिचे तत्त्व आहे.

निधी

राज्यपालांच्या पुढाकारानंतर २१ एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयान्वये आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी ५ टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याची योजना सुरू झाली. या अबंध निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होते. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आणि जल-जंगल-वन्यजीव संवर्धन या चार प्रकारच्या कामांवर तो खर्च करता येतो. कोणते काम घ्यायचे हे ग्रामसभेने ठरवायचे असते. त्याच सुमारास चौदाव्या वित्त आयोगाचा निधीही थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि त्याच्या नियोजनासाठी राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम सुरू झाला. आदिवासी विकास विभागाच्या योजना यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत राबवल्या जातात.

वनहक्क

सातपुड्याच्या पट्ट्यात जमिनीचा प्रश्न हा वनजमिनीचा प्रश्न आहे. शेजारच्या शहादा भागात १९७० च्या दशकात अंबरसिंह महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीने आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न राज्यापुढे आणला. १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याबाबत राज्याचा कायदा झाला. तो खासगी जमिनींपुरता होता. वनजमीन कसणाऱ्यांची गणना ‘अतिक्रमणधारक’ अशीच होत राहिली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही स्थिती बदलली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना वैयक्तिक हक्क आणि गावाला सामूहिक वनहक्क मागता येतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. तिने निवडलेली वनहक्क समिती जागेची पाहणी करते आणि ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जातो. लेखी पुराव्याबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे कथनही पुरावा म्हणून ग्राह्य आहे. वनगावांना महसुली गावाचा दर्जा देण्याची तरतूदही या कायद्यात आहे. प्रलंबित वनदाव्यांसाठी लोकसंघर्ष मोर्चाने नोव्हेंबर २०१८ मध्ये ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानावर मोर्चा नेला. त्यात जळगाव जिल्ह्यातील आदिवासीही सहभागी होते.

प्रतिनिधित्व

संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात असलेल्या ग्रामपंचायतींचे सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते आणि सदस्यांच्या किमान निम्म्या जागाही याच प्रवर्गाला मिळतात. तालुक्याच्या उर्वरित भागात सरपंचपदाचे आरक्षण लोकसंख्येच्या प्रमाणात व फिरत्या पद्धतीने ठरते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही अधिनियमात आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर चोपडा विधानसभा मतदारसंघही अनुसूचित जमातीसाठी राखीव झाला.

राखीव जागेवरील उमेदवारास जात वैधता प्रमाणपत्र सादर करावे लागते. जुन्या नोंदी नसलेल्या डोंगरी कुटुंबांना ते मिळवणे कष्टाचे व खर्चाचे असते.

अडचणी व टीका

• भाषा : ग्रामसभेची सूचना, विषयपत्रिका व इतिवृत्त प्रमाण मराठीत असते, तर चर्चा पावरी, बारेली किंवा भिल्लीत होते. आपण काय ठरवले आणि कागदावर काय लिहिले गेले, याची पडताळणी अनेकांना करता येत नाही.
• स्थलांतर : मजुरीच्या हंगामात पाडे ओस पडतात. त्या काळात भरलेल्या ग्रामसभेत गणपूर्ती होत नाही किंवा ती कागदोपत्रीच होते.
• कर्मचारी : एका ग्रामसेवकाकडे एकाहून अधिक गावे असल्यास स्वतंत्र ग्रामसभांचे कामकाज रखडते.
• प्रतिनिधीचे अवलंबित्व : राखीव जागेवर निवडून आलेली व्यक्ती ज्याच्या शेतात मजुरी करते किंवा ज्याचे कर्ज तिच्यावर आहे, त्याच्या इच्छेविरुद्ध निर्णय घेणे तिला अवघड जाते. महिला सरपंचाच्या नावावर पती वा अन्य नातेवाइकाने कारभार पाहण्याचा प्रकारही टीकेचा विषय ठरला आहे.
• निवडणुकांतील खंड : इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधीच्या न्यायालयीन वादामुळे राज्यातील अनेक स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबल्या. २०१७ साली निवडून आलेल्या जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तेथे प्रशासकाची नेमणूक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचे निर्देश दिले.

या अडचणींवरून अभ्यासक एक भेद करतात. राखीव जागा मिळाल्याने प्रतिनिधित्व येते, परंतु पाणी, जंगल व पैसा यांवरचा निर्णय ग्रामसभेच्या हाती आल्याशिवाय सत्ता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून बांबूविक्रीचे उत्पन्न स्वतः हाताळले. हे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते.

तौलनिक संदर्भ : दक्षिण आफ्रिका

वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर दक्षिण आफ्रिकेलाही अशाच प्रश्नास सामोरे जावे लागले. तेथे गोऱ्यांच्या शहरांना सक्षम नगरपालिका होत्या, तर कृष्णवर्णीयांच्या वसाहतींना पुरेसे उत्पन्न व अधिकार नसलेल्या वेगळ्या संस्था होत्या. १९९४ च्या लोकशाही निवडणुकीनंतर १९९६ च्या संविधानाने स्थानिक शासनाला स्वतंत्र स्तराचा दर्जा दिला. १९९८ च्या श्वेतपत्रिकेने सामाजिक विकास हे नगरपालिकेचे कर्तव्य ठरवले. डिसेंबर २००० च्या निवडणुकीपूर्वी सीमांची नव्याने आखणी होऊन श्रीमंत शहर व गरीब वसाहत एकाच नगरपालिकेत आणण्यात आली. प्रभाग समित्या आणि एकात्मिक विकास आराखडा यांद्वारे लोकसहभागाची सोय करण्यात आली.

दोन्ही देशांत सीमारेषा हे सुधारणेचे साधन ठरले, मात्र दिशा उलट होती. दक्षिण आफ्रिकेत गरीब वस्तीला श्रीमंत शहराच्या करात वाटा मिळावा म्हणून सीमा एकत्र केल्या गेल्या. पेसा क्षेत्रात पाड्याचे मत मोठ्या गावात बुडू नये म्हणून ग्रामसभा वेगळी करण्याची मुभा दिली गेली. वर्णद्वेष हा तेथे लिखित कायदा होता. भारतात अस्पृश्यता मुख्यतः रूढीने टिकली होती, तर आदिवासींचा जंगलावरील हक्क वनकायद्यांनी मर्यादित केला होता. पाणी, वीज व घरे यांच्या अपुऱ्या सेवांवरून दक्षिण आफ्रिकेतील वसाहतींत वारंवार निदर्शने होत असतात.

हेही पाहा

• पंचायतराज
• ग्रामसभा
• पाचवी अनुसूची
• वनहक्क कायदा, २००६
• चोपडा विधानसभा मतदारसंघ
• सातपुडा
• खानदेश