वाटी, चमचा आणि ज्युलिया चाइल्ड

‘ज्यूली अँड ज्युलिया’ हा नोरा एफ्रनचा २००९ चा चित्रपट आम्ही परवा घरी पुन्हा पाहिला आणि पुन्हा खूश झालो. न्यूयॉर्कची ज्यूली दिवसा कचेरी सांभाळते आणि वर्षभरात ५२४ फ्रेंच पदार्थ करायचा चंग बांधते. समोर ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या दोन फ्रेंच सहलेखिकांचं १९६१ चं पुस्तक. ही ज्युलिया १९४८ मध्ये फ्रान्सला गेली तेव्हा छत्तिशीची होती, आणि स्वयंपाकात यथातथाच!

आता आपल्याकडे बघा. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं. पण ज्युलियाची खरी मराठी बहीण म्हणजे कमलाबाई ओगले. ‘रुचिरा’ १९७० चं. बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, स्वयंपाक शिकल्या सासूबाईंकडून. गिल्बर्ट राइल हा तत्त्वज्ञ सांगतो की करता येणं आधी, त्याचे नियम मागाहून. (त्याचं पुस्तक १९४९ चं, ज्युलियाही त्याच वर्षी पॅरिसच्या ‘ल कॉर्डों ब्लू’मध्ये दाखल झाली.) हातातला अंदाज कागदावर उतरवायचा कसा, हा खरा पेच. कमलाबाईंनी तो वाटी आणि चमच्याने सोडवला. तराजू नको, घरात असेल ते माप. आमच्या मते हे मोठंच बौद्धिक काम आहे, आणि आमच्या विद्यापीठांनी त्याला कधी तसं म्हटलं नाही.

त्या काळात डोंबिवली-कल्याणच्या दोन खोल्यांत नवे संसार थाटले जात होते. सासू गावी, आई गिरगावात. विचारायचं कुणाला? पुस्तकाला. म्हणून तर कमलाबाईंना लाखभर सुनांची सासू म्हणत.

मात्र एक फरक आहे, आणि चित्रपट पाहताना तो आम्हांला टोचत राहिला. ज्यूलीचं वर्ष संपतं. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात मांडीवर मटार सोलणारी, भाजी निवडणारी बाईही कचेरीतूनच येत असते. तिच्या स्वयंपाकाला कुणी छंद म्हटलं नाही. तो चुकवता येत नव्हता ना! रोजच्या पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून यायला लागल्या, तेव्हा कुठे रविवारी ‘रुचिरा’ उघडून, जमेल न जमेल, पण आज हे करून बघू, असं म्हणायला तिला उसंत मिळाली. ज्यूलीचा आनंद तो हाच.

आणि केंद्रातल्या त्या पोळ्या? त्याही कुणी बाईच लाटते, नगावर पैसे घेऊन, आणि घरी गेल्यावर स्वतःच्या घरच्या वेगळ्या.