तराजू थांबतो, चार्ज का थांबत नाही?

आजचा एपिसोड मंडईतून सुरू करू. १८८६ साली ही मंडई उघडली, तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. आता महात्मा फुले मंडई. इथल्या दोन पारड्यांच्या तराजूची एक गंमत आहे. मोकळं पारडं जरा दाबून सोडा. दोन झोके घेतं आणि परत जागेवर येतं.

हाच तराजू डोक्यात ठेवून मी बीटेकला एक गणित साफ चुकवलं होतं. दोन पॉझिटिव्ह चार्ज, एक दुसऱ्याच्या चौपट, मध्ये ३० सेंटिमीटर. तिसरा चार्ज कुठे ठेवला तर त्याच्यावरचं एकूण बल शून्य होईल? मी तराजूच्या दांडीचा नियम लावला आणि लिहिलं, मोठ्यापासून ६ सेंटिमीटर. बरोबर उत्तर होतं २०! मोठ्याचा धक्का जास्त, म्हणून त्याच्यापासून लांबच सरकायला हवं ना? चौपट चार्ज, तर दुप्पट अंतर.

पण दुप्पटच का? हे दाखवलं फ्रान्सच्या कुलोमनं, १७८५ मध्ये, म्हणजे मंडईच्या शंभर वर्षं आधी. त्यानं बारीक तारेला एक आडवी काडी टांगली, तिच्या टोकाला चार्ज दिलेली गोळी. दुसरी गोळी जवळ आणली की काडी फिरायची, तारेला पीळ बसायचा. पीळ आणि विजेचं बल सारखं झालं की काडी थांबायची. त्यावरून दिसलं, अंतर निम्मं केलं की बल चौपट होतं.

आता खरी मेख. आपल्या २० सेंटिमीटरवरच्या चार्जला त्याच रेषेत ढकला, तो परत येईल. आडवा ढकला, गेला तो गेलाच! स्थिर चार्ज कसेही मांडा, निव्वळ त्यांच्या बलावर चार्ज सगळ्या दिशांनी टिकून राहत नाही, हे इंग्रज गणिती अर्नशॉनं सिद्ध केलं. त्याचा निबंध १८४२ मध्ये छापून आला. कुलोमची काडी थांबली, कारण तिला सावरायला तार होती.

मग एकटा आयन हवेत धरायचा कसा? जर्मनीच्या वोल्फगांग पॉलनं १९५० च्या दशकात वाट काढली. बल स्थिर ठेवायचंच नाही, भराभर उलटसुलट करायचं. आयन निसटायच्या आत निसटायची दिशाच बदलते. या कामाला १९८९ मध्ये नोबेल मिळालं. आज आपल्या पुण्यातच, आयुकामध्ये, यटर्बियमचा आयन असा पकडून अतिशय अचूक घड्याळ बनवण्यावर काम चालतं.

थोडक्यात, बल शून्य होणारी जागा शोधणं हे अर्धंच गणित. तिथे चार्ज टिकेल का, हे उरलेलं अर्धं. परीक्षेत पहिलंच विचारतात. तुम्ही दुसरंही विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!