वाळवंटीचे जुने पात्र

डिचोली महालातील साखळीचे विठ्ठलापूर गोमंतकाची पंढरी म्हणून ख्यात आहे. तेथे चंद्रभागेची उणीव वाळवंटी नदीने भरून काढली. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ते कानी पडताच वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे पंढरीचे वाळवंटच उभे राहते.

सत्तरीच्या डोंगरांतून उतरून ही नदी साखळीस येते व पुढे मांडवीस मिळते. जुन्या पात्रावर दोघांची सत्ता चाले: वरून पावसाच्या लोंढ्याची आणि खालून मांडवीवाटे येणाऱ्या भरतीची. दोहोंची गाठ पडली की पाणी काठावर चढे. सखल शेते ते पोटात घेत आणि ओहोटीबरोबर ते परतून जाई. रस्ते तोकडे होते त्या काळी याच भरतीच्या बळावर होड्या साखळीच्या बाजारास माल आणीत.

जुन्या काबिजादींत देवांना स्थलांतर करावे लागले. दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून डिचोलीतील नार्वे येथे आला व १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेली, तोवर देवळे पाडण्याचा आवेश ओसरला होता. म्हणून साखळीचे देव जागीच राहिले. आक्रसले ते नदीचे पात्र.

१९५०नंतर डिचोलीच्या डोंगरांत लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. टाकाऊ मातीचे ढीग पावसाने धुपून नद्यानाल्यांत आले आणि तळ उथळ झाला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तरी साचलेला गाळ काही आपोआप निघून गेला नाही. इकडे वस्ती काठापर्यंत सरकली. वारंवारच्या पुरांमुळे संरक्षक भिंती बांधणे भाग पडले. भिंतींनी नदीला आवरले खरे. परंतु गावात पडलेल्या पावसाचीही नदीकडे जाण्याची वाट अडली. पूर चढला असता ते पाणी पंप लावून भिंतीपलीकडे टाकावे लागते. जे काम सखल शेते व ओहोटी विनामूल्य करीत, ते आता यंत्रांवर येऊन पडले आहे.

त्रिपुरारी पौर्णिमेस विठ्ठलापुरी दिव्यांनी सजलेल्या नौका वाळवंटीत सोडल्या जातात. तो सोहळा पाहणाऱ्या प्रत्येकाने एक विचार मनाशी धरावा. भिंती आता काढता येणार नाहीत. मात्र काठची जी सखल जमीन अद्याप मोकळी आहे, ती भराव घालून बुजू न देणे आपल्या हाती आहे. देवालयाचा जीर्णोद्धार आपण पुण्यकर्म मानतो. देवाच्या पायाशी वाहणाऱ्या नदीला तिची जागा राखून ठेवणे, हेही त्याच कर्माचे अंग होय.