एक रस्ता, एक पब : मॅल्कम एक्स यांनी पाहिलेले स्मेदिक (थ्रेड)

१/१३
१२ फेब्रुवारी १९६५. बर्मिंगहॅमच्या पश्चिम वेशीला लागून असलेल्या स्मेदिक या कारखान्यांच्या गावात एक पाहुणा आला : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स. त्या दिवशी त्यांनी एक रस्ता पाहिला आणि एक पब पाहिला. इंग्लंडमधील वर्णभेद कसा चालत असे, हे या दोन जागांवरून नीट उमगते.

२/१३
महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये कामगारांची तीव्र टंचाई होती. १९४८च्या नागरिकत्व कायद्यानुसार राष्ट्रकुलातील लोकांना तेथे येऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क होता. पंजाबच्या दोआबातून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसे स्मेदिकच्या फाउंड्र्यांमध्ये लागली. वितळलेल्या धातूसमोरचे सर्वांत कष्टाचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येई.

३/१३
काम मिळाले, पण घर मिळेना. घरांचा तुटवडा सर्वांनाच होता. त्यात अनेक घरमालक गौरेतरांना खोली देत नसत. मग एकेका जुन्या घरात अनेक जण दाटीवाटीने राहत. नंतर त्याच दाटीकडे बोट दाखवून ‘हे लोक असेच राहतात’ असे म्हटले जाई. नकारातून जे निर्माण झाले, तेच नकाराचे कारण ठरले.

४/१३
ऑक्टोबर १९६४ची सार्वत्रिक निवडणूक. देशभर कौल लेबर पक्षाकडे झुकला, स्मेदिकमध्ये मात्र नेमका उलटा. परराष्ट्रमंत्रिपदासाठी ज्यांचे नाव ठरलेले होते, ते पॅट्रिक गॉर्डन वॉकर तेथे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या पीटर ग्रिफिथ्स यांच्याकडून पराभूत झाले. काळा शेजारी हवा असेल तर लेबरला मत द्या, अशा आशयाची अत्यंत शिवराळ घोषणा त्या प्रचारात फिरत होती. ग्रिफिथ्स यांनी तिचा निषेध करण्याचे नाकारले.

५/१३
त्यानंतर वाद पेटला तो मार्शल स्ट्रीट या साध्या कामगारवस्तीत. विकायला निघणारी घरे नगरपालिकेने खरेदी करावीत आणि ती केवळ गोऱ्या कुटुंबांनाच द्यावीत, अशी तेथील काही गोऱ्या रहिवाशांची मागणी होती. नगरपालिका त्यासाठी राजी होती. वैयक्तिक दुराग्रहाला आता सार्वजनिक तिजोरीचे बळ मिळणार होते.

६/१३
याविरुद्ध उभी होती इंडियन वर्कर्स असोसिएशन. तिची मुळे १९३०च्या दशकातील कॉव्हेंट्रीत. स्थानिक नेते अवतार सिंग जौहल १९५८ साली शिक्षणासाठी पंजाबहून आले आणि फाउंड्रीत कामगार झाले. पबमधील वर्णभेदाविरुद्ध त्यांची मोहीम चालू होती. मॅल्कम यांना स्मेदिकला येण्याचे निमंत्रण याच संघटनेचे.

७/१३
मॅल्कम त्या वेळी स्वतः स्थित्यंतरातून जात होते. १९६४च्या वसंतात ते ‘नेशन ऑफ इस्लाम’मधून बाहेर पडले, मक्केची यात्रा करून आले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा जगभरच्या वसाहतमुक्तीच्या लढ्यांशी जोडावा, हा त्यांचा नवा ध्यास होता. ९ फेब्रुवारी १९६५ रोजी फ्रान्सने त्यांना विमानतळावरूनच परत पाठवले. तीनच दिवसांनी ते स्मेदिकमध्ये होते.

८/१३
मार्शल स्ट्रीटवरून ते चालत गेले. सोबत बीबीसीचा कॅमेरा होता. हिटलरच्या राजवटीत ज्यूंना जशी वागणूक मिळाली तशी येथे गौरेतरांना मिळत असल्याचे आपल्या कानावर आले, म्हणून आपण आलो, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. तुलना जहाल होती. पण युद्ध संपून अवघी वीस वर्षे झाली होती आणि त्या युद्धाचा इंग्लंडला सार्थ अभिमान होता. घाव नेमका तेथेच बसला.

९/१३
तेथून ‘ब्लू गेट्स’ पब. इंग्लिश पबमध्ये तेव्हा वेगवेगळे कक्ष असत. येथे गौरेतरांना साध्या ‘पब्लिक बार’मध्ये पेय मिळे, ‘स्मोक रूम’मध्ये मिळत नसे. मॅल्कम आणि त्यांचे यजमान स्मोक रूममध्ये गेले. त्यांना नकार मिळाला. मॅल्कम मद्य घेत नसत. प्रश्न पेल्याचा नव्हता, कोणत्या खोलीत बसता येते याचा होता.

१०/१३
अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कायद्यात लिहिलेला होता, पाट्यांवर रंगवलेला होता. म्हणून न्यायालयात त्याच्यावर बोट ठेवता येत होते. स्मेदिकमध्ये असा कायदा नव्हता. होती ती पबचालकाची मर्जी, घरमालकाची मर्जी आणि ‘आमच्याकडे अशीच पद्धत आहे’ हे उत्तर. जे कोठे लिहिलेलेच नाही, ते रद्द कसे करायचे?

११/१३
या भेटीवर टीकेची झोड उठली. बीबीसीलाही बोल लागला. मॅल्कम न्यूयॉर्कला परतले. १४ फेब्रुवारीला पहाटे त्यांच्या घरावर पेटते बॉम्ब फेकले गेले. २१ फेब्रुवारीला भरसभेत त्यांची हत्या झाली. वय ३९. स्मेदिकच्या भेटीला अवघे नऊ दिवस झाले होते.

१२/१३
मार्शल स्ट्रीटची योजना मात्र फसली : गृहनिर्माणमंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी नगरपालिकेला त्यासाठी कर्ज काढू दिले नाही. त्याच वर्षअखेरीस ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा संमत झाला. तो मॅल्कम यांच्या भेटीमुळे झाला, असे म्हणणे योग्य नाही. फेनर ब्रॉकवे १९५६पासून अशी विधेयके मांडत होते आणि लेबरच्या जाहीरनाम्यातही तसे आश्वासन होते.

१३/१३
पण त्या कायद्याची व्याप्ती पाहण्यासारखी आहे. पब, हॉटेले, नाट्यगृहे अशा सार्वजनिक जागी वर्णावरून नकार देणे त्याने बेकायदा ठरवले. नोकऱ्या आणि घरांची खरेदी-विक्री मात्र वगळली. म्हणजे मॅल्कम यांनी एकाच दिवशी पाहिलेल्या दोन जागांपैकी ‘ब्लू गेट्स’पर्यंत कायदा १९६५ साली पोहोचला, मार्शल स्ट्रीटपर्यंत पोहोचायला १९६८ उजाडले. २०१२मध्ये त्या रस्त्यावर मॅल्कम यांच्या भेटीची निळी स्मृतिपाटी लागली. परक्याला एका टेबलावर बसू देणे समाजाला तुलनेने लवकर जमते. शेजारचे घर देणे सर्वांत शेवटी.